बकाराम मिस्त्रीचा कान

"दुसरा गिअर टाक, श्यामलाल! आता सोड. हां, पुन्हा ओढ!"

एवढं ओरडून बकाराम मिस्त्रीने सागाची हातभर काठी पुन्हा दातांत धरली आणि तिचं दुसरं टोक जीपच्या पोटाला टेकवलं. चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर अधांतरी फिरत होती. खाली मिस्त्री उताणा पडलेला, वर स्टिअरिंगवर श्यामलाल ड्रायव्हर आणि भोवती सडक अर्जुनीतली निम्मी रिकामटेकडी मंडळी. वैशाखाच्या उन्हाने टिनाचं छप्पर तडतडत होतं, पण जागचं कोणी हलेना. मिस्त्री दातांनी आवाज ऐकतो, हा रायपूरच्या सडकेवरचा फुकटचा तमाशा होता, आणि तमाशा फुकट असला की आपली माणसं उन्हातसुद्धा उभी राहतात.

थोड्या वेळाने तो सरपटत बाहेर आला. "क्रॉस गेला. मांगच्या शाफ्टाचा. गिअरची पेटी खोलाची गरज नाइ."

"पक्का?" जीपच्या मालकाने, गुलाबचंद सेठने विचारलं.

"खोलून पाहा सेठजी. नसला गेला, तं ह्याच काठीनं मले बडवा."

खोलून पाहिलं. क्रॉस म्हणजे शाफ्टाचा सांधा; त्याच्या पिना झिजून निम्म्या उरल्या होत्या आणि आतल्या सुयांचा लाल भुगा झाला होता. लोकांनी "वा!" केलं. एकजण तर म्हणाला, हा माणूस बाईच्या पोटाला काठी लावून पोरगा का पोरगी तेही सांगेल. मिस्त्री हसला नाही. स्तुती ऐकताना तोंड वाकडं करायची त्याची सवय होती, पण आतून त्याला ती गुळासारखी लागे. का लागू नये? लढाईच्या काळात पलटणीच्या वर्कशॉपात चार वर्षं काढलेला, कापगत्यांच्या घरातला हा धान पेरणारा माणूस. गावी परतल्यावर त्याच्याजवळ ना पेन्शन होती ना पाटीलकी. होता तो एवढा कान. रायपूरकडून नागपूरकडे जाणारे ट्रकवाले त्याच्या शेडपाशी थांबत आणि विचारत, "मिस्त्री, जरा सुनो तो." त्या 'सुनो'वर त्याचं सगळं होतं.

आणि एक रीत होती. काम झालं की मिस्त्री हात धुई, घरून आणलेल्या डबीतलं कुंकू तीन बोटांवर घेई आणि बॉनेटवर ओढी. गाडी पास! ते कुंकू असेपर्यंत त्या गाडीबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. मिस्त्रीने पास केलेल्या गाडीत आवाज येतो असं म्हणणं म्हणजे आपल्याच कानात मळ आहे असं जाहीर करणं. एका ट्रकवाल्याने एकदा तसं म्हटलं होतं, तर लोकांनी त्याचीच टर उडवली होती.

त्या दुपारी नवा क्रॉस बसला, ठकठक थांबली, आणि मिस्त्रीने जीपवर तीन बोटं ओढली. सेठ खूश झाला. तो तेंदूपत्त्याचा ठेकेदार. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा आणि पत्ता गोळा व्हायचा तो नवेगावच्या पलीकडे, जंगलात. तिकडे जायला लढाईच्या मालाच्या लिलावातून आणलेली ही जीप सोडून दुसरं वाहन नव्हतं. तिला दोन दांडे जास्तीचे होते. एक टाकला की पुढची चाकंही ओढू लागत. दुसरा टाकला की हत्तीचं बळ यायचं आणि मुंगीची चाल. पायाचा ब्रेक मात्र जुना होता, तीनदा दाबावा तेव्हा एकदा धरी. म्हणून डोंगराची मोठी उतरण श्यामलाल दोन्ही दांडे टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी अडवत उतरायचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

"कल सुबह निकलेंगे," सेठ म्हणाला. "मी, मुनीमजी आन पाच माणसं."

संध्याकाळी श्यामलाल जीप घेऊन मिस्त्रीच्या घरी आला. त्याची बायको शामकला दवनीवाड्याला माहेरी होती, तिला मुलगी झाली होती. बारशाचं बोलावणं करायला तो गुळाचा खडा घेऊन आला होता. तिशीचा पोरगा, पण त्या दिवशी त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. मिस्त्रीची बायको रुख्मा अंगणात धान पाखडत होती. तिने गूळ घेतला, मुलीला तोंडभरून आशीर्वाद दिला, आणि मग जीपकडे हनुवटी उडवून म्हणाली, "काऊन रे श्यामलाल, हे तुही जीप अजून कायले कुंथून राहिली?"

"कोण कुंथते?" मिस्त्री म्हणाला.

"जीप. आत्ता वळणावरून आली, तं आवाज येऊन राहिला होता ना."

"तो इंजिनाचा आवाज आहे, रुख्मा. गाडी का मुक्यानं चालन?"

"इंजिन घुरघुरते, ते का मले समजत नाइ? हा बारीक आहे. ढेकीच्या आसाले तेल नसलं का कशी किरकिरते, तसा."

ढेकी म्हणजे पायाने धान कांडायचं लाकूड. रुख्माने त्या लाकडावर उभं राहून तीस वर्षं काढली होती. मिस्त्री हसला, श्यामलालकडे वळला. "आयक, आता ह्या आपल्याले गाड्या शिकवतेत."

श्यामलाल हसला नाही. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"काय झालं बे?"

"काकी खरं बोलून राहिली, काका. आवाज आहे. दुपारपासून आहे."

"मंग बोलला काऊन नाइ?"

"तुमी कुंकू लावलं होतं ना," श्यामलाल म्हणाला. "मले वाटलं, मलेच भास होऊन राहिला. शेडपाशी उभे होते त्याइले बी आयकू आला असन. पण तुमच्यापुढं कोण बोलते, सांगा?"

मिस्त्रीने जीपकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाल. बस गाडीत. रुख्मा, तू बी बस."

"मी? बाई माणूस जीपमंदी? लोकं काय म्हणतीन!"

"लोकं गेली खड्ड्यात. बस."

रुख्मा डोक्यावर पदर ओढून मागे बसली. मिस्त्रीने तिला समजावलं: आवाज असेल तेव्हा बोट वर, गेला की बोट खाली. बाकी काही बोलायचं नाही. श्यामलालने गाडी धाब्यापुढच्या मोकळ्या सडकेवर काढली, आणि मिस्त्री मागे वळून बायकोच्या बोटाकडे बघत बसला. जन्मात कधी त्याने तिच्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं नसेल.

गाडीने वेग घेतला, बोट वर. "क्लच दाब." बोट वरच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. "गिअर काढ, आपली आपण घरंगळू दे." बोट वरच. म्हणजे पुढची गिअरची पेटीही नाही, नवा क्रॉस तर दुपारीच बसवलेला. "आता हातब्रेक जरासाच ओढ, श्यामलाल. थांबवू नको." श्यामलालने दांडा बोटभर ओढला, आणि रुख्माचं बोट थरथरलं. रीत मोडून ती बोलली, "आता बदलला. जाड झाला. कण्हल्यावानी."

मिस्त्रीला समजलं. कानाने नाही, डोक्याने. गिअरच्या पेटीमागे चारही चाकांना जोर वाटून देणारी दुसरी पेटी असते. तिच्या मागच्या शाफ्टावरच हातब्रेक बसवलेला असतो. ब्रेक लागताच आवाज बदलतो म्हणजे त्याच शाफ्टाचा बेअरिंग फुटत चाललाय. आणि तो फुटला की शाफ्ट डोलतो, दात दातातून सुटतात. मग इंजिन कुठलंच चाक धरून ठेवत नाही आणि हातब्रेकही गेलेला असतो. सपाटीवर झालं तर गाडी नुसती उभी राहील. उतरणीवर झालं तर सात माणसं आणि हा बारशाचं बोलावणं करत फिरणारा बाप, सगळे दरीत.

दोष कळला याचा आनंद व्हायला हवा होता. पण तो झाला नाही. कारण त्या सबंध फेरीत त्याला रुख्मा म्हणते तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. इंजिनाची घरघर ऐकू आली, टपाची खडखड ऐकू आली, श्यामलालचा शब्द न् शब्द ऐकू आला. तो बारीक आवाज तेवढा नाही. त्याने काठी दातांत धरून, गाडीच्या पाट्यावर ओणवं होऊनही पाहिलं. काठी दातांत गुदगुल्या करत राहिली, आवाज काही येईना.

श्यामलाल जीप घेऊन गेला. तिन्हीसांज झाली होती. मिस्त्री अंगणात बसला होता. रुख्मा कंदिलाची काच पुसत होती.

"रुख्मा, रातकिडे ओरडून राहिले का?"

"कायले इचारता? रोजच ओरडतेत. आज तं कान किटवून राहिले."

तीन वर्षं झाली, मिस्त्री ज्याला त्याला सांगत होता की ठेकेदारांनी जंगल तोडलं आणि रातकिडेही पळून गेले. शेडवर येणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगायचा, सेठला सांगायचा. लोक माना डोलवायचे. हो मिस्त्री, खरं आहे मिस्त्री. त्याच्या कानाला खोटं पाडील असा माणूस त्या सडकेवर नव्हता, आणि हीच त्याच्या नशिबातली खोट निघाली. कितीतरी गाड्या त्याने पास केल्या असतील या तीन वर्षांत! त्यातल्या किती कुठे थांबल्या, कोणाचं काय झालं, कोणास ठाऊक.

रुख्माला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि बायकी शहाणपणाने म्हणाली, "मंग त्यात काय! सकारी लवकर जा. एखादी तार काढून टाका. गाडी सुरूच होणार नाइ. मंग पेटी खोलून बेरिंग बदला. सेठले काय समजते?"

सल्ला चांगला होता. खरं सांगायचं तर तोच विचार मिस्त्रीच्या मनात दोनदा येऊन गेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. "आजची गाडी थांबवीन," तो म्हणाला. "उद्याच्या गाडीचं काय? तिच्यात बी तू बसशील का बोट वर करून?"

"बसीन," रुख्मा म्हणाली. "बसीन ना."

"नाइ. लोकं श्यामलालवानी असतेत. मी कुंकू लावलं का त्याइले आयकू आलेलं बी आयकू येत नाइ."

रुख्मा तोंडाला पदर लावून रडू लागली. त्या घरात मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं नाव हेच तिचं लेकरू होतं, आणि ते उद्या चार माणसांत मरणार होतं. मिस्त्रीला तिची समजूत घालता आली नाही. त्याचीच कोण घालणार होतं?

सकाळी सेठच्या वाड्यापुढे जीप उभी होती. सेठ पुढे बसला होता, मुनीम आणि माणसं मागे चढत होती, श्यामलाल इंजिन तापवत होता. मिस्त्री चालत आला. सगळ्यांनी रामराम घातला. तो सरळ बॉनेटपाशी गेला, खांद्यावरचा शेला काढला आणि कुंकवाची तिन्ही बोटं पुसून टाकली.

"अरे, अरे! ये क्या कर रहे हो?" सेठ खाली उतरला. "निघायच्या वक्ती कुंकू पुसतेत का? अपशकुन करून राहिले तुमी!"

"गाडी पास नाइ, सेठजी."

"कल तो तुम्हीं ने पास की ना?"

"चुकलो. मांगच्या पेटीतला बेरिंग फुटून राहिला. उतरणीवर गेला तं इंजिन धरणार नाइ, हातब्रेक बी धरणार नाइ. सगळे मरान."

"पागल हो गये क्या, मिस्त्री? काल तं काठी लावून सांगतलं..."

"काठीनं आता आयकू येत नाइ मले." मिस्त्री थांबला. समोर तीसेक माणसं होती. काल ज्यांनी वा वा केलं तीच. त्याने आवाज चढवला, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून. "बारीक आवाज आयकू येत नाइ मले. तीन वर्स झाले असतीन. कान गेले माहे. हा आवाज माह्या बायकोनं आयकला. मी नाइ."

मुनीमजी हळूच जीपमधून उतरले. मग श्यामलालने इंजिन बंद केलं. खाली उतरून तो सेठला म्हणाला, "आवाज मले बी आयकू आला होता, सेठजी."

"आन मंग काल तोंडात का मूग भरले होते?"

श्यामलालने मिस्त्रीकडे पाहिलं. उत्तर त्याच्याजवळ होतं, पण त्या जागी, त्या वेळी त्याला ते देववेना. सेठच्या शिव्या त्याने मुकाट खाल्ल्या. मिस्त्रीला त्याचं फार वाटलं.

जीप ट्रकच्या मागे बांधून गोंदियाला नेली. आठ दिवसांनी श्यामलाल आला तो धोतराच्या चिंधीत बेअरिंगचे तुकडे बांधून. गोळ्या फुटल्या होत्या, कडं तडकलं होतं. तिकडचा मिस्त्री म्हणाला होता की ही गाडी आणखी वीस मैल गेली नसती.

"काका, माही पोरगी अनाथ झाली असती," श्यामलाल म्हणाला आणि पायांवर वाकला. मिस्त्रीने त्याला धरून उभं केलं. तुकडे हातात घेऊन त्याने उन्हात निरखून पाहिले आणि परत चिंधीत बांधले.

सेठ माणूस वाईट नव्हता. त्याने रुख्मासाठी लुगडं पाठवलं. बाजारात, धाब्यावर, बसल्या बैठकीत तो सांगू लागला: आदमी हो तो ऐसा! स्वतःच्या तोंडानं सांगतलं, कान गेले म्हणून. ऐकणारे म्हणत, वा! कलियुगात असा माणूस मिळायचा नाही. ट्रकवाल्यांनी ही गोष्ट इकडे रायपूर आणि तिकडे नागपूरपर्यंत नेली. सगळीकडे बकाराम कापगत्याच्या सचोटीचं कौतुक झालं आणि त्याच्या शेडवर गाडी यायची बंद झाली. कोणी वाईट बोललं नाही हो, एक माणूस बोलला नाही. येता-जाता रामराम घालत, जरा जास्तच वाकून, आणि गाडी पुढे धाब्याजवळ लागलेल्या नव्या मिस्त्रीकडे नेत. सेठची जीपही तिकडेच जाऊ लागली.

पावसाळा गेला. मिस्त्रीने शेडचं टिन उतरवून गोठ्यावर घातलं. भावाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तो कापणीला जाऊ लागला. कापणीत कानाचं काम नसतं. लोक त्याला आता नुसतं बकाराम म्हणू लागले. मुद्दाम नव्हे, आपोआपच. रुख्माला ते कोणाच्या तोंडून ऐकलं की राग येई. तो म्हणे, जाऊ दे, आईनं तेच नाव ठेवलं होतं.

मार्गशीर्षात एके दुपारी तो धानाचा भारा डोक्यावर घेऊन सडकेच्या कडेने येत होता. रायपूरकडचा एक ट्रक त्याच्याजवळ येऊन थांबला. ड्रायव्हर सरदार होता, नवखा, या सडकेवर कधी न आलेला. इंजिन सुरू ठेवून तो खाली उतरला, जवळ आला आणि मोठ्याने विचारू लागला, "ओ भाई, वो बकाराम मिस्त्री कहाँ मिलेगा? लकड़ी मुँह में लेके आवाज़ सुनता है? राजनांदगाँव में किसी ने बताया."

बकारामने भारा उतरवून बांधावर ठेवला. रुख्मा मागून येत होती, तीही थांबली.

"तो आता नाइ अठी," बकाराम म्हणाला.

"चला गया?"

"हो. गेला. समोर धाब्यापाशी दुसरा आहे, चांगला आहे. त्याच्याकडं न्या."

सरदाराने हळहळून मान हलवली आणि तो वळला. एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवलाही. तेवढ्यात बकारामला राहवलं नाही. दोन पावलं पुढे जाऊन तो म्हणाला, "आवाज गाडी ओढताना येते का पाय सोडल्यावर?"

"छोड़ने पर."

"डाव्या वळणावर जास्त?"

सरदार पायरीवरून खाली उतरला. "हाँ! लेकिन तुमको कैसे मालूम?"

बकाराम वाकून भाऱ्याची दोरी घट्ट करू लागला.

"तो असंच इचारे," तो म्हणाला.